उफराटी कबर

"मी मेले की मला उफराटी पुरायची," राहेलआत्या म्हणाली. "माझ्या बापासारखी. डोस्कं उगवतीला, पाय मावळतीला. आत्ताच सांगून ठेवते. मागनं कुणी म्हणायला नको, म्हातारीनं सांगितलं न्हवतं म्हणून."

बर्नबाकाकांनी तोंडाकडे नेलेली बशी तशीच खाली ठेवली. ते आमच्या तांबाळीच्या ख्रिस्ती मंडळीचे सगळ्यांत जुने पंच. आत्याच्या पायांवर सूज चढली, दम लागायला लागला, हे कळल्यावर प्रार्थना करायला आले होते. प्रार्थना झाली होती, चहा चालला होता, आणि एवढ्यात आत्यानं हा विषय काढला.

"राहेलक्का, असलं अभद्र काय बोलतीस?"

"ह्यात अभद्र काय? तुमच्या सगळ्यांच्या मतानं माझा बाप गुन्हेगार. मग त्येला जी शिक्षा हाय ती मला बी हू दे. एकटा किती दिस काढंल त्यो? त्येच्या पायथ्याची जागा मोकळीच हाय. तितं ठेवा मला."

"जागा घे की. जागेला कोण न्हाई म्हणतंय? पर उफराटी न्हाई. कमिटीत हे बसणार न्हाई."

"मग कमिटीला उभी राहू दे."

मला हसू फुटलं. काकांना ते आवडलं नाही. त्यांनी टोपी सरळ केली.

"एक झाली तेवढी बास झाली," ते म्हणाले. "आपल्या दफनभूमीत दुसरी उफराटी कबर हुणार न्हाई. लईच हट्ट धरलास तर कुंपणाच्या भायेर जागा बघावी लागंल."

आता मला गप्प बसवेना. माझा स्वभाव आधीच मिरचीचा. त्यात मी कोल्हापूरच्या दवाखान्यात नर्स, रोज चार माणसांना दटावायची सवय लागलेली. "काका," मी म्हटलं, "चहा झाला ना तुमचा? मग आता उठा. माझ्या पेशंटला त्रास होतोय."

काका उठले. दारातून जाताना म्हणाले, "नामी, म्हातारीला समजाव."

"मला समजायचं ते साठ-सत्तर वर्सांमागंच समजलंय," आत्या आतून ओरडली आणि तिला खोकल्याची उबळ आली.

तांबाळी हे पन्हाळ्याच्या पायथ्याचं गाव. वर जांभा दगड, खाली उसाचं रान. आमची दफनभूमी गावामागच्या उतारावर आहे. मिशनच्या साहेबाला गावानं ती जागा दिली, कारण तिथं कुसळंसुद्धा धड उगवत नव्हती. पहिली कबर साहेबाच्याच लहान मुलीची. मग एकेक करून आमची माणसं तिच्या शेजारी निजायला गेली. साहेबानं शिकवलं तसं सगळ्यांचं डोकं मावळतीला आणि पाय उगवतीला. प्रभू उगवतीकडून येणार, त्या पहाटे सगळे उठणार, तर उठल्यावर तोंड त्याच्याकडे असायला हवं. म्हणून सगळ्यांचे जांभ्याचे क्रूस मावळतीच्या टोकाला, उशाशी. शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी राहतात तशा एकाच दिशेला तोंड करून आमच्या सगळ्या पिढ्या तिथं आहेत.

फक्त एक सोडून. अगदी उगवतीच्या टोकाला, सगळ्यांपुढे एकटी एक कबर आहे आणि तिचा क्रूस दुसऱ्याच बाजूला आहे. ते माझे आजोबा, भागोजी उपदेशक, साहेबाच्या हाताखाली उपदेश करणारे. त्यांच्या आसपास कुणी आपलं माणूस पुरत नसे. बाकी दफनभूमीत मुंगी शिरायला जागा उरली नव्हती, आणि आजोबांच्या पायथ्याला तीन-चार कबरींची जागा तशीच पडून होती. तिथं चाफ्याचं एक झाड आपोआप उगवलं होतं. आमच्या घराला गावात 'उफराटे' म्हणत. आमचं खरं आडनाव लोंढे आहे हे पोस्टमनला तेवढं ठाऊक होतं.

कबर उफराटी का, ह्याचं उत्तर मंडळीत प्रत्येकाजवळ होतं आणि ते एकच होतं. भागोजी बाटला. म्हणजे एकदा ख्रिस्ती झाला आणि परत फिरला. जोतिबाच्या चैत्री यात्रेला गेला, अंगभर गुलाल घेऊन आला, आणि दोन दिवसांत कॉलऱ्यानं मेला. देवाकडे पाठ केली म्हणून साहेबानं त्याला तसाच पाठ करून पुरला. दर ईस्टरला पहाटेच्या उपासनेला सगळी मंडळी दफनभूमीत जमायची, मेणबत्त्या लावायची, आणि लहान मुलांना ती कबर लांबून दाखवली जायची. मीही लहान मुलांतच असायची. माझ्या शेजारच्या पोरी हळूच माझ्याकडे बघायच्या आणि मी त्यांना चिमटे काढायची.

आत्याचं म्हणणं वेगळं होतं. आणि ती तिथं होती, बाकी कुणी नव्हतं.

"बाप यात्रेला गेला हुता," ती सांगायची, "पर देवाला न्हवं. डोंगरावर कॉलरा फुटला हुता. मानसं वाटंत पडलेली. जवळची मानसंसुदिक टाकून पळाली. बाप गाडी घिऊन गेला आन् पडलेल्यांना उचलून मिशनच्या दवाखान्यात आणत बसला. आता यात्रंतल्या मानसाला मिठीत घिऊन उचलल्यावर गुलाल लागनार का न्हाई? पांढरा कोट हुता त्येचा, साहेबानं दिलेला. घरी आला तवा लालभडक. आई म्हणली, देवाच्या घरात हा कोट घालून उपदेश कसा करशीला? मग मी आन् आईनं तो वढ्यावर धुतला. जितका धुवावा तितका गुलाल पसरायचा. सगळा कोट गुलाबी झाला. तवर बाप आजारी पडलाच. दुसरा कोट न्हवता. त्येच कोटात पुरला त्येला."

मी नर्स झाल्यावर मला ते ऐकताना काटा यायचा. कॉलऱ्याच्या माणसाचा कोट, आणि तो ओढ्यावर धुणारी सहा वर्षांची पोर. तिला काही झालं नाही हेच आश्चर्य. माझे वडील तेव्हा आजीच्या पोटात होते.

तर आत्या हे सगळं सांगायची, आणि ऐकणारा शेवटी एकच विचारायचा: "मग कबर उफराटी का?" इथं आत्याचं तोंड बंद व्हायचं. कारण तिला ठाऊक नव्हतं. पुरलं त्या दिवशी मंडळी कॉलऱ्याला भिऊन रानात जाऊन राहिली होती. कबरीवर साहेब, गाडीवान, आजी आणि ही पोर. साहेब मोडक्या मराठीत काय बोलला ते आजीला रडण्यात ऐकू आलं नाही, आणि वर्ष फिरायच्या आत साहेबही आजारी पडून आपल्या देशाला गेला तो आलाच नाही. पुढे पाळक आले आणि बदलून गेले. कुणी तांबाळीत मेलं नाही. एखाद्या पाळकाला खरं कारण ठाऊकही असेल, पण त्याला विचारणार कोण? आम्हाला विचारायची लाज वाटायची आणि बाकीच्यांना दुसरं उत्तर नको होतं.

ह्या एका कबरीनं आमचं काय काय नेलं ते सांगत बसत नाही. आजी मरेपर्यंत देवळात शेवटच्या बाकावर बसली. आत्याचं लग्न बर्नबाकाकांच्या थोरल्या भावाशी, योनाशी, ठरलं होतं. सुपारीही फुटली होती. मग योनाच्या बापाला कुणीतरी म्हणालं, उफराट्याची पोर घरात आणतोयस, आणि त्यानं मोडलं. आत्यानं पुन्हा कुणाला होकार दिला नाही. मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात भाकरी थापत तिनं जन्म काढला आणि माझे आईवडील गेल्यावर मला वाढवलं. मी तिला आत्या म्हणते, पण ती माझी आई होती. त्यामुळे कुंपणाच्या बाहेर पुरू म्हणणाऱ्या माणसाला मी चहा पाजला ह्याचाच मला राग येत होता.

त्याच आठवड्यात कोल्हापुरात देवकुळे पाळकसाहेब वारले. फार म्हातारे होते आणि फार मोठे. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांचे बाप्तिस्मे आणि लग्नं त्यांच्या हातची. गावोगावची मंडळी मातीला निघाली. आत्या म्हणाली, "जा तू. माझा बाप्तिस्मा त्येंच्या हातचा न्हाई, पर तुझा हाय. माझं कायबी हुत न्हाई दोन दिसांत." शेजारच्या सगुणाबाईंना बसवून मी एसटी पकडली. नेमकी बर्नबाकाकांच्या शेजारची जागा मोकळी होती. त्यांच्या मांडीवर झेंडूचं चक्र होतं. आम्ही वाटेत एकमेकांशी बोललो नाही. चक्राची दोन फुलं माझ्या मांडीवर पडली ती मी उचलून परत खोवली, एवढंच.

दफनभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी आधी शिरले आणि कबरीच्या अगदी काठाशी पोचले. काका खांदेकऱ्यांत होते, गावोगावच्या पंचांना तो मान होता. पेटी आली. गीत झालं. दोर लावले. आणि पेटी खाली सोडायच्या आधी खांदेकऱ्यांनी ती फिरवली. डोकं उगवतीला, पाय मावळतीला.

मी ओरडायला तोंड उघडलं, पण काका माझ्याआधी ओरडले.

"थांबा! वाईच थांबा! डोस्कं चुकतंय!"

उपासना चालवणारे पाळक पुस्तकातून मान वर करून बघायला लागले. काकांचा चेहरा लाल झाला होता. ते दोर घट्ट धरून उभे होते.

"पाळकसाहेब, माफी असावी," ते म्हणाले. "पर एवढ्या मोठ्या मानसाची अशी इटंबना हुताना मला बघवंना. उफराटी निघाली पेटी. डोस्कं मावळतीला पायजे."

पाळक काही बोलायच्या आत खुर्चीवर बसलेल्या देवकुळेबाई बोलल्या. पांढरं पातळ, जाड काचांचा चष्मा, सगळी हयात शाळेत शिकवण्यात गेलेली. नवऱ्याच्या कबरीजवळसुद्धा त्यांचा आवाज वर्गातला होता.

"काही चुकत नाही. तुम्ही कुठले?"

"तांबाळीचा, बाई. पंच हाय मी."

"पंच आहात आणि हे ठाऊक नाही? पाळकाला असंच ठेवतात. ही सगळी मंडळी त्या दिवशी उगवतीकडं तोंड करून उठणार. मग पाळकानं कुठं तोंड करायचं? जन्मभर त्यांच्याकडं तोंड करून उभे राहिले हे, त्या दिवशी पाठ करतील काय? आपल्या माणसांसमोर उभं राहून म्हणायचंय त्यांना, चला, उठा, मी आहे. सोडा पेटी."

पेटी सोडली. दोर काकांच्या हातून सरकताना मी बघत होते. पेटी टेकली तरी त्यांनी दोर सोडला नाही. मग त्यांनी मान वळवली आणि गर्दीत मला शोधलं. मी काठाशीच होते. मला हसू येत होतं की रडू, मला सांगता येणार नाही. शेजारच्या बाईंनी मला धरलं. त्यांना वाटलं मी पाळकसाहेबांसाठी रडतेय.

परतीच्या एसटीत काका माझ्या शेजारीच येऊन बसले. वाघबिळाचा घाट लागला.

"साहेबानं सांगायला नगं हुतं?" शेवटी म्हणाले.

"सांगितलं असेल की. ऐकायला होतं कोण? सगळी मंडळी रानात."

"व्हय. माझा बाप बी रानात हुता." काका खिडकीबाहेर बघत होते. "पर नामी, एक गोष्ट बापानं मला सांगितलेली. मरायच्या वर्सी साहेबानं भागोजीबाबाच्या डोस्क्यावर हात ठेवला हुता. सगळ्यांम्होरं. पाळक केला हुता त्येला."

"मग तुम्ही सगळे त्यांना उपदेशक का म्हणत राहिलात?"

काका खिडकीकडून माझ्याकडे वळले.

"आपल्यातला मानूस पाळक कसा हुईल, असं वाटायचं गं. पाळक म्हंजे साहेब, न्हाईतर शहरातला शिकलेला. भागोजीबाबा तर आमच्याच गल्लीतला. म्हातारी-कोतारी म्हणायची, साहेबानं आपलं लाडानं केलं आसंल. पाळक म्हणून त्येची आठवन कुणी ठेवलीच न्हाई. मग कबर बघून दुसरं काय सुचनार?"

मला खूप काही बोलायचं होतं. शेवटच्या बाकाविषयी, सुपारीविषयी. पण ह्या माणसानं भर दफनभूमीत स्वतः ओरडून स्वतःचं आणि बापाचं म्हणणं खोटं ठरवून घेतलं होतं, तेही माझ्या देखत. मी एवढंच विचारलं, "आत्याला कोण सांगणार?"

"तू सांग की. तुझी आत्या."

"नाही काका. उफराटे तुम्ही म्हणालात. सरळही तुम्हीच करायचं."

एसटीतून उतरले ते काका घरी गेलेच नाहीत. थेट आमच्या दारात आले. दिवस मावळत होता, आत्या उशीला टेकून बसली होती. काका बसले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि झालं ते पहिल्यापासून सांगितलं, स्वतः ओरडले तेही, देवकुळेबाईंनी फटकारलं तेही. काही गाळलं नाही. त्या बाबतीत माणूस खरा होता.

आत्या ऐकत राहिली. मी तिची नाडी धरून बसले होते, खरं तर मलाच काहीतरी धरायला हवं होतं. ऐकून झाल्यावर तिनं डोळे मिटले. मला वाटलं, आता म्हणेल, बघा, मी म्हणत नव्हते? जन्मभर ह्या एका वाक्याची ती वाट बघत होती.

"आईला ठावं न्हवतं," ती म्हणाली. "शेवटच्या बाकावर बसून मेली ती. तिला कुणीतरी सांगायला पायजे हुतं."

तिनं डोळे उघडून काकांकडे बघितलं.

"योनाला बी ठावं न्हवतं."

"न्हाई, राहेलक्का. त्येला बी न्हाई."

"आज जिता असता तर सांगितलं असतंस?"

"त्येच्या दारात जाऊन सांगितलं असतं. बापाला बी सांगितलं असतं." काकांनी आत्यापुढे हात जोडले. "माझं चुकलं, अक्का. आमचं समद्यांचं चुकलं."

आत्या रडली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. माझी आई गेली तेव्हाही तिनं आधी चूल पेटवली होती. आता ती लहान पोरीसारखी मोकळी रडली आणि काका भिंतीला टेकून उभे राहून डोळे पुसत होते. मी दोघांना पाणी दिलं. दुसरं काय करणार?

जाताना काका म्हणाले, "तुझ्या मनासारखंच हुईल. बापासारखीच ठेवतो तुला. कमिटीचं मी बघतो, कोण न्हाई म्हणतंय ते."

रविवारी त्यांनी ते देवळात उभं राहून सांगितलं. आत्याला आम्ही खुर्चीवर बसवून नेलं होतं. नवा पाळक शहरातून आलेला तरुण मुलगा, त्याचा चेहरा उतरला. त्यालाही हे ठाऊक नव्हतं, कारण त्यानं अजून एकाही पाळकाला माती दिली नव्हती. काकांनी आत्यासाठी पहिला बाक मोकळा करून ठेवला होता, वर सतरंजी घातली होती. आत्यानं मानेनंच नाही म्हटलं आणि खुर्ची शेवटच्या बाकाजवळ ठेवायला लावली.

"ही जागा आईची हाय," ती म्हणाली. "बाकाचा काय दोष?"

उपासनेनंतर मंडळी आपसूक दफनभूमीकडे वळली. आजोबांच्या कबरीवर त्या दिवशी इतकी चाफ्याची फुलं पडली की झाडावर औषधालाही उरली नाहीत. एवढे दिवस लांबून बघणाऱ्या बाया आता लेकरांना जवळ नेऊन दाखवत होत्या, हे बघ आपले पहिले पाळक. मला राग यायला हवा होता. आलाही थोडा. पण आत्या खुर्चीत बसून इतकी खुशीत बघत होती, की मी तो गिळला.

पुढच्या दिवसांत ती माझ्याशी नेहमीसारखंच बोलायची, डाळीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायची. फक्त एका संध्याकाळी, दिवे लागताना, तिनं मला जवळ बसवून घेतलं आणि एक गोष्ट सांगितली. "त्या बर्नबाला आत्ता सांगू नगंस," ती म्हणाली. "कमिटीशी भांडून थकलाय बिचारा. येळ आल्यावर सांग." दोन दिवसांनी पहाटे ती गेली. झोपेतच. माझा हात तिच्या हातात होता.

मातीची सगळी व्यवस्था काकांनी केली. जागा आत्यानं मागितली तीच, बापाच्या पायथ्याची, चाफ्याजवळची. मुरमात कबर खणायला माणसं थकली, तर काकांनी स्वतः पहार घेतली. त्या वयात. सगळं गाव आलं होतं, आमच्या मंडळीतलं आणि बाहेरचंही. आत्याच्या हातची भाकरी खाऊन मोठ्या झालेल्या वसतिगृहाच्या मुली कुठून कुठून आल्या होत्या.

गीत झालं. पाळकांनी प्रार्थना केली. खांदेकऱ्यांनी दोर लावले. काका पुढे झाले आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "फिरवा पेटी. डोस्कं उगवतीला. राहेलक्काची शेवटची विच्छा हाय आन् कमिटीची मंजुरी हाय."

पेटी फिरायला लागली.

"थांबा!" मी ओरडले. "डोकं चुकतंय!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकांना आपलेच शब्द ऐकून धक्का बसला असणार. ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "नामी, असं का करतीस? मी शब्द दिलाय तिला. तिनंच मागितलं हुतं."

"मागितलं होतं," मी म्हटलं. "परवा बदललं. डोकं मावळतीला ठेवा काका. सगळ्यांसारखं."

"का पर? आता तर कुणाची ना न्हाई. बापासारखी नगं का तिला?"

मी आजोबांच्या क्रुसाकडे बोट केलं. मग आत्याच्या कबरीकडे. दोघांचे पाय एकमेकांकडे येणार होते, मधे फक्त तो चाफा.

"ती म्हणाली, बाप मावळतीकडं तोंड करून उठणार. मीही तशीच उठले, तर माझी त्याच्याकडं पाठ होईल. मला सरळ ठेवा. उठल्या उठल्या तो समोर दिसला पाहिजे."

काका खाली वाकले, पेटीचं उशाचं टोक त्यांनी स्वतः धरलं आणि मावळतीकडे फिरवलं. दोर हळूहळू सैल झाले. पेटी टेकली. मी पहिली मूठ टाकली, काकांनी दुसरी. हाताला लागलेली माती झटकत ते माझ्या शेजारी उभे राहिले.

"आनखी काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

मी त्या संध्याकाळी आत्याला विचारलं होतं, आणि ती जे म्हणाली ते मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. आता मी तिच्या त्या वेळच्या वयाला पोचलेय, दर ईस्टरला पहाटे मेणबत्ती घेऊन त्या दोन कबरींच्या मधे उभी राहते, आणि दर वर्षी मला तेच ऐकू येतं.

"मला बापाचं तोंड आठवत न्हाई गं, नामे. लई बारकी हुते मी. डोळं मिटून लई बघितलं, येतच न्हाई."

"मग एवढ्या माणसांत ओळखशील कसं?"

"न वळखायला काय झालं?" आत्या म्हणाली. "मीच धुतलाय की त्यो. समद्यांत गुलाबी कोटाचा एकच असंल."